कोकणातलं बांधकाम आणि नवी टेक्नॉलॉजी: आधी मोजायची साधनं, मशीन नंतर

लांज्याकडचा एक मुलगा सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याने विचारलंय की ड्रोन, बीआयएम (इमारतीचं सगळ्या माहितीसकट कॉम्प्युटरवरचं मॉडेल), थ्रीडी प्रिंटिंग, एआय असं सगळं बांधकामात येतंय तर कोकणात त्यातलं खरंच काय चालणार आणि मी कशाचा कोर्स करू. सोबत दुसरा प्रश्न, त्याच्या काकांना गुहागरच्या बाजूला समुद्राजवळच घर बांधायचंय, काका राहतात डोंबिवलीला, त्यांना कोणीतरी सांगितलंय चिरा (जांभा दगड) सोडा आता, एएसी ब्लॉक (हलके, आतून सच्छिद्र ब्लॉक) लावा, रेडीमिक्स (प्लांटवर तयार होऊन गाडीने येणारं काँक्रीट) मागवा, मॉडर्न करा. दोन्हीचं उत्तर एकत्रच देतो.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात बांधकामं करतो, आधी दुसऱ्यांकडे साइट इंजिनियर होतो मग स्वतःचं सुरू केलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुंबई-पुण्यात टेक्नॉलॉजी येते ती वेळ वाचवायला आणि माणसं कमी लागावीत म्हणून, अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग आलं आणि आठवडा-दहा दिवसांत एकेक मजला चढायला लागला. आपल्याकडे इमारत खराब होते ती मिठाने आणि पाण्याने. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही आडवा मारणारा, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. त्यामुळे नवीन काहीही समोर आलं की मी दोनच गोष्टी बघतो, हे मीठ आणि पाणी आत जाण्यापासून थांबवतंय का, आणि जे काम उद्या झाकलं जाणार आहे ते मला आज मोजून दाखवतंय का. ह्या दोन्हीत बसत नसेल तर ती वस्तू कितीही भारी असली तरी काकांच्या घराला तिचा उपयोग नाही.

आणि कोकणात नवीन काही येतच नाही हे तर डोक्यातून काढूनच टाक. कोकण रेल्वेचा पानवळ नदीवरचा पूल बघून ये, रत्नागिरीपासून जवळच आहे. ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच, आणि त्याचा डेक खालून सेंट्रिंग लावून केलेलाच नाही, एका टोकाला तुकडा ओतायचा, जॅक लावून पुढे ढकलायचा, मग मागे पुढचा तुकडा ओतायचा, असं करत करत दरी पार केली. इन्क्रिमेंटल लाँचिंग म्हणतात, देशात पहिल्यांदा ते इथे झालं, ९० च्या दशकात. एवढ्या खोल दरीत खालून सेंट्रिंग उभं करणं फार अवघड आणि धोक्याचं, म्हणून ती पद्धत निवडली गेली. म्हणजे जागेची अडचण आधी होती आणि टेक्नॉलॉजी तिला शोधत आली, तू पण ह्याच क्रमाने विचार कर.

आता वाळू. आपल्याकडे पूर्वी खाडीची वाळू सर्रास वापरली जायची आणि अजूनही कुठे कुठे वापरली जाते, दिसायला छान असते, पण तिच्यात मीठ असतं. मीठ काँक्रीटला फारसं काही करत नाही, ते सळईला खातं. काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो, क्लोराइड तिथपर्यंत पोचलं की तो थर फुटतो आणि गंज सुरू होतो, आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून कॉलमला उभी चीर पडते, मग खपली निघते. रत्नागिरीत समुद्राच्या बाजूला जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांखाली मान वर करून बघ, सगळं समजेल.

म्हणून आपल्या भागात झालेला सगळ्यात मोठा बदल माझ्या मते क्रश सँड आहे, म्हणजे काळा दगड फोडून, चाळून, धुऊन केलेली एम-सँड. लोकांना ही टेक्नॉलॉजी वाटतच नाही कारण ती क्रशरवर धुरळ्यात तयार होते. आयएस ३८३ (आयएस म्हणजे बांधकामाचे भारतीय मानक, आम्ही कोड म्हणतो) च्या २०१६ च्या आवृत्तीत तिला रीतसर जागा आहे, राज्य सरकारने २०२५ मध्ये तिचं धोरणही आणलं. पण नुसतं क्रश सँड म्हणून ट्रक मागवला की ग्रीट आणि पावडर मिसळून येते, त्यात ७५ मायक्रॉनच्या खालचा बारीक भुगा १५ टक्क्यांपेक्षा जास्त नको असं कोड सांगतो, तेव्हा चाळणीचा रिपोर्ट मागायचा आणि शक्यतो व्हीएसआय ह्या प्रकारच्या क्रशर मशीनवरची मागायची, तिचे दाणे गोलसर असतात, पाणी कमी लागतं.

आणि वाळूत मीठ आहे का हे बघायला चाखून बघायची गरज नाही, जुने मिस्त्री चाखायचे. काचेच्या स्वच्छ ग्लासात मूठभर वाळू घे, वर डिस्टिल्ड वॉटर ओत, बॅटरीसाठी मिळतं तेच, चांगली ढवळ, निवळू दे, वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळ आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाक. पाणी दुधासारखं पांढरं झालं की क्लोराइड आहे. नेमकं किती ते लॅब सांगेल, पण गाडी खाली करायची की परत पाठवायची एवढं ह्यावरून कळतं. हातमोजे घाल, सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते.

पाण्याचंही तेच. किनाऱ्याजवळच्या विहिरी पावसानंतर गोड असतात आणि एप्रिल-मे मध्ये खाऱ्या व्हायला लागतात, आणि आपली बांधकामं नेमकी तेव्हाच पाऊस गाठायच्या घाईत असतात! आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे असं आयएस ४५६ म्हणतो. काही शे रुपयांचा टीडीएस मीटर घे, तो क्लोराइड वेगळं दाखवत नाही, सगळे क्षार मिळून आकडा देतो, पण जानेवारीत ३०० दाखवणारी विहीर एप्रिलमध्ये १५०० दाखवायला लागली तर थांबून सँपल लॅबला द्यायचा हे तर कळेल ना. क्युरिंगलाही, म्हणजे ओतल्यावर काँक्रीट ओलं ठेवायलाही, खारं पाणी चालत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण खरं आहे.

रेडीमिक्सबद्दल काकांना सांगितलंय ते अर्धं बरोबर आहे. हायवेच्या कामामुळे प्लांट आले, मिक्सर गाड्या आता तालुक्याच्या गावापर्यंत सहज मिळतात, वजनावर मोजून माल पडतो, अ‍ॅडमिक्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) बरोबर पडतं, हे सगळं चांगलंच आहे. पण प्लांटवर गाडी भरल्यापासून दोन तासांत माल उतरला पाहिजे असं त्याचा कोड, आयएस ४९२६, सांगतो, आणि आपल्याकडे घाट, अरुंद रस्ता, वाडीत गाडी वळायला जागा नाही, मग गाडी खाली थांबते, माल घट्ट व्हायला लागतो आणि कोणीतरी ड्रममध्ये पाइप सोडतो. तिथे सगळं वाया गेलं. त्यामुळे प्लांटपासून साइटपर्यंत खरा वेळ किती लागतो ते आधी एकदा स्वतः गाडीने जाऊन बघायचं आणि मगच ठरवायचं, जमणार नसेल तर साइटवरच वजनकाट्याचा छोटा मिक्सर लावून चांगलं काम होतं. किनाऱ्यावरच्या बांधकामाला कोड सिव्हिअर एक्स्पोजर, म्हणजे तीव्र परिस्थिती, धरतो, लाटांचे तुषार थेट येत असतील तर व्हेरी सिव्हिअर. सिव्हिअरला किमान एम ३० ग्रेड, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नाही, आणि कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, ४५ मिलिमीटर. ०.४५ म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि ओल्या वाळूत जे पाणी आहे ते ह्यातच धरायचं. आता तू कुठल्याही साइटवर उभा राहून बघ गोणीला किती बादल्या पडतात. एवढ्या कमी पाण्यात माल हलण्यासाठी सुपरप्लास्टिसायझर आहे, ही गेल्या काही वर्षांतली खरी उपयोगाची केमिस्ट्री, आणि घरगुती कामात ती वापरतच नाहीत, पाणी फुकट मिळतं म्हणून पाणीच ओततात. मला ह्याचा फार त्रास होतो, कारण माणूस आयुष्याची कमाई घालून गावाला घर बांधतो.

कव्हर पण तसंच, स्लॅबला २० मिलिमीटर ठेवायची सवय सगळीकडे पडलेली आहे आणि तेही सळईखाली खडीचा तुकडा सरकवून. काँक्रीटचे किंवा पीव्हीसीचे कव्हर ब्लॉक कितीसे महाग आहेत? मिठाला सळईपर्यंत पोचायला किती वर्षं लागणार हे ह्या दोन-तीन सेंटिमीटरवर ठरतं.

सिमेंट घेताना स्लॅगवालं किंवा फ्लाय अ‍ॅशवालं घ्यायला सांग, क्लोराइडला ते जास्त चांगलं अडवतं, फक्त सुरुवातीला ताकद हळू येते म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको आणि क्युरिंग किमान १० दिवस, १४ केलं तर उत्तम. नवीन एक एलसी३ म्हणून सिमेंट आहे, भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीची पूड मिसळून करतात, क्लिंकर (भट्टीत भाजून निघणारा सिमेंटचा मूळ माल) निम्माच लागतो म्हणून कार्बन डायऑक्साइड बराच कमी, स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल ह्या तांत्रिक विद्यापीठाबरोबर आयआयटी दिल्ली आणि मद्रासने त्यावर काम केलंय, २०२३ मध्ये आयएस कोडही आला. क्लोराइडला ते चांगलं आहे, किनाऱ्यासाठी मला त्याच्याकडून आशा आहे, तुझ्या करिअरमध्ये ते नक्की येईल, काकांच्या घरासाठी मात्र जे डीलरकडे ताजं मिळतं तेच घ्या. सळईत काचेच्या तंतूंची, म्हणजे जीएफआरपीची सळई आलीय, ती गंजतच नाही, पण साइटवर वाकवता येत नाही आणि स्टीलच्या मानाने कितीतरी जास्त ताणते, म्हणून स्टीलच्या ड्रॉइंगमध्ये नुसती बदलून टाकायची नाही, डिझाइनच वेगळं लागतं. कंपाउंड, फुटपाथ, जेट्टीवरचा स्लॅब ह्याला तिचा विचार करावा, घराच्या कॉलमला नको असं माझं मत.

चिरा की एएसी. एएसी हलका, घनमीटरला ५५० ते ६५० किलो, म्हणून आरसीसी फ्रेमवर लोड कमी, भिंत पटकन चढते, आतल्या पार्टिशनला मी स्वतः वापरतो. पण तो पाणी भरपूर शोषतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर जून ते सप्टेंबर आडवा पाऊस मारला, प्लॅस्टरला बारीक चीर पडलेली असली, की आतल्या भिंतीला ओल येणारच. चांगला चिरा पण पाणी पितो, पण आपली माणसं त्याला ओळखतात, आणि गंमत म्हणजे टेक्नॉलॉजी तिथेही आलेली आहे. पूर्वी हाताने तासायचे, आता खाणीवर मशीनची पाती उभी-आडवी फिरते आणि एका मापाचा चिरा निघतो, म्हणजे सांधा बारीक बसतो, सिमेंट कमी लागतं, भिंत ओळंब्यात येते. मशीनचा चिरा दिसायला सगळाच सारखा, त्यामुळे मऊ आणि कडक वेगळा काढायची नजर खाणीवरच्या लोकांना राहिली नाही हे एक नुकसान झालं. आयएस ३६२० प्रमाणे जांभ्याची ताकद चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन आणि पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. शोषण तर तूच काढ, ओव्हनमध्ये वाळवून वजन कर, २४ तास बुडवून परत वजन कर. खाणीतून ताजा आलेला चिरा उघड्यावर राहिला की कडक होतो, तेव्हा घाई नसेल तर लवकर आणून ठेवायचा. बाहेरून प्लास्टिक पेंट लावायचा नाही, ओल आत अडकते आणि फोड येतात, त्यापेक्षा सिलेन-सिलॉक्झेनवालं वॉटर रिपेलंट मिळतं, ते पाणी अडवतं पण वाफ बाहेर जाऊ देतं. चिऱ्याचं लोडबेअरिंग करत असाल तर प्लिंथ आणि लिंटेलला सलग आरसीसी पट्टा पाहिजेच, कोयनेचा १९६७ चा भूकंप इथून लांब झालेला नाही.

ड्रोनबद्दल. सर्व्हेमध्ये ड्रोन आलाय हे खरंच, स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली, भूमी अभिलेखवाले आता रोव्हर (सॅटेलाइटवरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन येतात. आपल्याकडे अडचण अशी की वाड्या विखुरलेल्या, बरीच घरं गावठाणाच्या बाहेर, त्यामुळे त्यात सगळं येत नाही आणि तिथेच तुला काम आहे. पण एक गोष्ट कोर्समध्ये सांगणार नाहीत. ड्रोनचा साधा कॅमेरा वरून जे दिसतं तेच मोजतो, आमराई किंवा काजूची बाग असेल तर त्याला कलमांचे शेंडे दिसतात, जमीन नाही, आणि सॉफ्टवेअर त्याच शेंड्यांची काँटूर काढून सुंदर रंगीत नकाशा देतं. त्यावर कोणी प्लिंथ लेव्हल किंवा कटिंग ठरवलं तर सगळंच चुकणार. झाडीतून खालची जमीन पकडायला लिडार (लेझरने मोजणारं साधन) लागतो, तो महाग, आणि रोव्हरलाही दाट झाडाखाली सॅटेलाइट नीट मिळत नाहीत. म्हणून उघड्या सड्यावर ड्रोन, बागेत टोटल स्टेशन (तिपाईवरचं, कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), आणि दोन्ही एकाच बेंचमार्कला, म्हणजे उंची माहीत असलेल्या ठरलेल्या खुणेला, बांधायचं, असं करणारा मुलगा इथे मिळत नाही. व्यवसाय म्हणून उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट काढ आणि उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवर झोन बघ, रत्नागिरी आणि चिपी दोन्हीकडे विमानतळ आहेत.

थ्रीडी प्रिंटिंग. बंगळुरूला हलसूरमध्ये एल अँड टीने २०२३ मध्ये पोस्ट ऑफिस प्रिंट केलं, सुमारे हजार चौरस फूट, ४३ दिवसांत, काम खरोखर चांगलं आहे. पण प्रिंटर ठेवायला सपाट, मोकळी जागा लागते, ठरलेल्याच प्रतीचं मिश्रण लागतं, आणि भिंत थरावर थर अशी येते म्हणजे दर दोन थरांत एक आडवा सांधा. आपल्या पावसात त्या सांध्यांचं काय होतं हे काही पावसाळे बघितल्याशिवाय मी कोणाला घर प्रिंट करायला सांगणार नाही. तुला त्याची भीती बाळगायचं कारण नाही. बीआयएम मोठ्या प्रोजेक्टला पाहिजेच, अटल सेतूसारख्या २१.८ किलोमीटरच्या कामाची कल्पना कागदावर करून बघ, पण एका बंगल्याला पूर्ण बीआयएम नको, साधं थ्रीडी मॉडेल करून प्लंबिंगचा पाइप बीममधून जातोय का एवढं आधी बघितलं तरी नंतर बीम फोडायची वेळ येत नाही.

एआयचं मला वेगळंच टेन्शन आहे. लोक आता फोनवर एआयने काढलेलं एलेव्हेशन घेऊन येतात, सपाट डबा, मोठी काच, ना छज्जा ना पडवी, आणि म्हणतात असंच पाहिजे. चित्र काढणाऱ्याला गुहागरचा पाऊस माहीत नाही. उतरतं छप्पर, बाहेर आलेली वळचण, पश्चिमेला पडवी, हे आपल्या बापजाद्यांनी पाऊस बघूनच ठरवलेलं होतं, त्याच एआयला हे सगळं आधी सांगितलं की तो तेही काढून देतो, तेव्हा काकांना आधी सांगायला सांग. छपराचे स्क्रू, नटबोल्ट ह्यावर कंजुषी नको. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, श्रीवर्धन-दापोलीकडे पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी बघितलं, आणि पत्रा धरून ठेवणारा स्क्रूच गंजलेला असला तर त्याची पकड काय राहणार? शक्य तिथे स्टेनलेस स्टीलचे ३१६ ग्रेडचे घ्या.

काका डोंबिवलीत आणि घर गुहागरला, म्हणजे सगळ्या चाकरमान्यांचाच प्रश्न. इथे खरी टेक्नॉलॉजी काकांच्या खिशात आहे. पण व्हिडिओ कॉलवर मिस्त्री जे दाखवतो ते बघून समाधान मानायचं नाही, आपल्याला काय बघायचंय ते आपण सांगायचं. काँक्रीट ओतायच्या आधी, टेप लावून, रिंगांमधलं अंतर दिसेल असा फोटो, कव्हर ब्लॉक बसलेला फोटो, बीम-कॉलमच्या जोडात रिंगा आहेत का त्याचा फोटो, आणि सगळ्यांवर तारीख आणि लोकेशन येईल अशा अ‍ॅपमधून. हे फोटो आल्याशिवाय स्लॅबचा हप्ता नाही असं करारातच लिहा, कॉन्ट्रॅक्टर चांगला असेल तर त्याला वाईट वाटणार नाही, मला तरी वाटत नाही. स्लॅबच्या दिवशी त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरायचे, ७ आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये फोडायचे, त्याचा खर्च पूर्ण घराच्या मानाने काहीच नाही.

आता तुझ्या शिक्षणाचं. माझं ऐकशील तर पहिलं वर्ष मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये किंवा स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्यांकडे काढ, पगार कमी मिळाला तरी. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कव्हर मीटर, आणि हाफ सेल ही काँक्रीट न फोडता तपासायची साधनं हातात येऊ दे. हाफ सेलमध्ये सळईला एक वायर जोडतात आणि इलेक्ट्रोड काँक्रीटवर फिरवत मिलिव्होल्ट वाचतात, उणे ३५० च्या खाली गेलं की आत गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात, आणि वरून प्लॅस्टर अजून गुळगुळीत असतं. चीर दिसायच्या आधी ते कळतं, आणि किनाऱ्यावरच्या ८०-९० च्या दशकातल्या इमारतींना येत्या काळात ह्याचीच गरज लागणार आहे, शाळा, हॉस्पिटल, जेट्ट्या सगळ्यालाच. एकट्या रिबाउंड हॅमरवर ताकद सांगणारा रिपोर्ट कोणी दिला तर विश्वास ठेवू नकोस, तो पृष्ठभागाचा कडकपणा दाखवतो, आणि जुनं काँक्रीट कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे) वरून कडक झालेलं असतं, कोअर (काँक्रीटचा गोल नमुना) काढून जुळवून घ्यावं लागतं. त्यानंतर टोटल स्टेशन आणि रोव्हर, मग ड्रोन. बीआयएमचं सॉफ्टवेअर संध्याकाळी घरी शिकता येतं, त्यासाठी आत्ता मोठी फी भरून पुण्याला जायची गरज नाही.

काकांना सांग पाया दिवाळीनंतर लगेच घ्या आणि स्लॅब फेब्रुवारीपर्यंत उरका, म्हणजे क्युरिंगला विहिरीचं पाणी गोड असतानाच मिळेल. विहिरीचा सँपल आत्ता एक आणि एप्रिलमध्ये एक लॅबला दे, रिपोर्टमध्ये क्लोराइड आणि सल्फेट दोन्ही मागून घे, आणि एप्रिलचा आकडा जास्त आला तर उरलेल्या प्लॅस्टरला आणि क्युरिंगला टँकर लागेल, तो खर्च बजेटमध्ये आत्ताच धरायला सांग.